लाइट येते, सर्व्हर उठतो, पण चलन निघत नाही: रीबूटनंतर दर वेळी येणाऱ्या ५०२चं समस्या निवारण

अंबड, सातपूर, सिन्नर, कुठल्याही मध्यम कारखान्यात हे चित्र ओळखीचं आहे. रात्री वादळात लाइट जाते, पहाटे येते. सर्व्हरचे दिवे लुकलुकतात, पिंगला उत्तर मिळतं. तरी सकाळी सातच्या शिफ्टला गेटवरून फोन येतो, ‘दादा, चलन निघत नाहीये, गाडी उभी आहे.’ चलन म्हणजे गाडीतल्या मालासोबत जाणारा कागद. ब्राउझर उघडावा तर पांढऱ्या पानावर ‘५०२ बॅड गेटवे’ आणि खाली एन्जिनएक्सचं नाव. म्हणजे पुढे उभ्या असलेल्या वेब सर्व्हरला, एन्जिनएक्सला, मागच्या ॲप्लिकेशनकडून नीट उत्तर मिळालेलं नाही. मग कोणीतरी सर्व्हरवर लॉगइन करतं, सर्व्हिस रिस्टार्ट करतं आणि दोन मिनिटांत सगळं सुरळीत होतं. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तोच फोन.

रिस्टार्टने काम होतं, तिथेच घात होतो. हाताने रिस्टार्ट करता तेव्हा डेटाबेस उठलेला असतो, नेटवर्क आलेलं असतं, घड्याळ बरोबर झालेलं असतं. बूट होताना यातलं काहीही जागेवर असेल याची खात्री नसते. म्हणून ‘रिस्टार्ट केल्यावर चालतं’ यावरून ॲप्लिकेशन ठीक आहे एवढंच कळतं. बूटच्या वेळी ते कशावर अडखळलं, हे शोधायचं राहूनच जातं.

पुढचं सगळं एका नेहमीच्या मांडणीला धरून आहे: उबंटू २२.०४ किंवा २४.०४, पुढे एन्जिनएक्स, मागे गनिकॉर्न या पायथॉनच्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालणारं जँगोचं (पायथॉनची वेब चौकट) ॲप्लिकेशन, त्याच मशीनवर पोस्टग्रेस हा डेटाबेस. लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करण्याचं काम सिस्टिमडी करतो. त्यातल्या आपल्या सर्व्हिसचं नाव ‘चलन’ धरलं आहे. तुमच्याकडे नोड किंवा जावा असेल तरी तर्क तोच राहतो. आज्ञा आणि फाइलमधल्या ओळी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच द्यायच्या.

रिस्टार्ट मारण्याआधी तीन मिनिटं

गाडी उभी असताना कोणाला धीर नसतो, हे खरं आहे. पण एकदा रिस्टार्ट झालं की सर्व्हिसची पडलेली स्थिती पुसली जाते आणि नंतर लॉगच्या ढिगात तो क्षण शोधत बसावं लागतं. आधी एवढं बघून घ्या.

एक, एन्जिनएक्सची एरर लॉग. ती /व्हार/लॉग/एन्जिनएक्स/ या फोल्डरमध्ये असते. शेवटच्या वीस ओळी पुरे. प्रत्येक ओळीत कंसात एक आकडा असतो आणि निम्मं निदान त्या आकड्यातच असतं:

१११, कनेक्शन रिफ्यूज्ड: त्या पोर्टवर किंवा सॉकेटवर (दोन प्रोग्रॅम जिच्यातून बोलतात ती फाइल) ऐकणारं कोणीच नाही. ॲप्लिकेशन उठलेलंच नाही, किंवा उठून पडलं आहे.

२, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी: सॉकेटची फाइलच जागेवर नाही.

१३, परमिशन डिनाइड: सॉकेट आहे, पण एन्जिनएक्सला तिथपर्यंत पोचता येत नाही.

११०, कनेक्शन टाइम्ड आउट: पलीकडचं यंत्र उत्तर देत नाही, किंवा ॲप्लिकेशन जिवंत आहे पण वेळेत उत्तर देत नाही. यात ब्राउझरवर बहुधा ५०४ दिसतो.

दोन, ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’. बूट होताना पडलेल्या सगळ्या सर्व्हिस एका यादीत दिसतात. पुष्कळदा ‘चलन’ सोबत अजून एखादं नाव असतं, एखादा माउंट (जोडलेली डिस्क किंवा नेटवर्कवरचं फोल्डर) किंवा नेटवर्कची वाट बघणारी सर्व्हिस, आणि खरा दोषी तोच निघतो.

तीन, ‘जर्नलसीटीएल -यू चलन -बी’. ‘-बी’ म्हणजे फक्त या बूटपासूनच्या नोंदी. आधीच्या बूटच्या हव्या असतील तर ‘-बी -१’. ही जुनी नोंद मिळत नसेल तर /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर आहे का ते बघा. नसेल तर नोंदी फक्त मेमरीत राहतात आणि लाइटबरोबर जातात. फोल्डर तयार करून जर्नलडी रिस्टार्ट केलं की पुढच्या वेळी पुरावा हाताशी राहतो.

या तिन्हींचं आउटपुट फाइलमध्ये साठवा, मग खुशाल रिस्टार्ट करा.

१११: सर्व्हिस मुळात उठलीच नाही

आधी सगळ्यात साधं कारण. ‘सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड चलन’ असं विचारा. उत्तर ‘डिसेबल्ड’ आलं तर शोध संपला. ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता चालू कर, ‘एनेबल’ म्हणजे दर बूटला चालू कर. इन्स्टॉल करताना घाईत पहिलंच दिलं जातं. ‘सिस्टिमसीटीएल एनेबल --नाउ चलन’ दिलं की दोन्ही एकदम होतात. युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टिमडीला सांगणारी फाइल) इन्स्टॉल विभाग नसेल तर एनेबल केल्याचा काही उपयोग होत नाही, तेही बघून घ्या.

याचाच भाऊ: व्हेंडरचा माणूस ॲप्लिकेशन ‘स्क्रीन’मध्ये किंवा ‘नोहप’ने चालू करून जातो. सहा-सहा महिने ते बिनतक्रार चालतं. पहिल्या रीबूटला ते नाहीसं होतं आणि नेमकं काय, कुठून चालू केलं होतं हे कोणालाच माहीत नसतं. पीएम२ (नोडची ॲप्लिकेशन्स चालू ठेवणारं साधन) वापरत असाल तर ‘पीएम२ स्टार्टअप’ आणि ‘पीएम२ सेव्ह’ दोन्ही द्यावे लागतात. पहिलं दिलं आणि दुसरं राहिलं, तर पीएम२ उठतो पण रिकाम्या हाताने.

‘कोणी लॉगइन केलं की आपोआप चालू होतं’ अशी तक्रार असेल तर सर्व्हिस एखाद्या यूजरच्या नावावर, सिस्टिमडीच्या यूजर विभागात बसवली आहे. तो यूजर आत येईपर्यंत ती उठत नाही. ‘लॉगइनसीटीएल एनेबल-लिंगर’ आणि पुढे त्या यूजरचं नाव, हा तात्पुरता इलाज. नीट इलाज म्हणजे ती सिस्टिमच्या सर्व्हिसमध्ये हलवणं.

आता खरा घोळ. सर्व्हिस एनेबल्ड आहे, युनिट फाइलमध्ये ‘रिस्टार्ट=ऑलवेज’ आहे, तरी बूटनंतर ती ‘फेल्ड’ होऊन पडलेली असते आणि पुन्हा प्रयत्न करत नाही. जर्नलमध्ये शेवटी ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ अशी ओळ असते. लोक म्हणतात, ऑलवेज लिहिलंय तर हे थांबलं का?

थांबलं ते सिस्टिमडीच्या दोन मूळ सेटिंगमुळे. दोन प्रयत्नांमधलं अंतर काही लिहिलं नसेल तर १०० मिलिसेकंद असतं. आणि १० सेकंदांत ५ वेळा चालू होऊन पडलेली सर्व्हिस सिस्टिमडी सोडून देतो. आता बूटचा प्रसंग डोळ्यापुढे आणा. लाइट अचानक गेल्यामुळे पोस्टग्रेस उठल्यावर आधी स्वतःची रिकव्हरी करतो. त्याला वीस सेकंद लागोत की दोन मिनिटं, तोवर येणाऱ्या प्रत्येकाला तो ‘द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप’ म्हणून परत पाठवतो. इकडे तुमच्या स्टार्ट स्क्रिप्टमध्ये आधी ‘मायग्रेट’ (टेबलांची रचना अद्ययावत करणारी जँगोची आज्ञा) चालतं, ते डेटाबेसला विचारतं, नकार मिळतो, एका सेकंदात स्क्रिप्ट पडते. सेकंदाचा दहावा भाग थांबून पुन्हा. असे पाच प्रयत्न सहा सेकंदांत संपतात. सातव्या सेकंदाला सर्व्हिस कायमची बसते. विसाव्या सेकंदाला डेटाबेस तयार होतो, पण त्याला विचारायला आता कोणी नसतं.

हा हिशेब कळला की अजून एक कोडं सुटतं. ॲप्लिकेशनला पडायलाच अडीच-तीन सेकंद लागत असतील तर १० सेकंदांत पाच प्रयत्न होत नाहीत, मर्यादा लागत नाही आणि ते कधीतरी उठतं. म्हणून जुन्या हार्डडिस्कवर कधी न आलेला त्रास एसएसडीवर हलवल्यावर सुरू होऊ शकतो. बदलला फक्त पडण्याचा वेग.

नुसत्या जँगोला एवढी घाई नसते. पहिली रिक्वेस्ट येईपर्यंत तो डेटाबेसकडे जातही नाही. पण मायग्रेट, कॅश गरम करणारी स्क्रिप्ट किंवा सुरुवातीलाच टेबल वाचणारा कोड मध्ये आला की हा सापळा लागतो. नोडची बरीच ॲप्लिकेशन्स तर डेटाबेस न मिळाल्यास स्वतःहून बंद होतात.

युनिट फाइल अशी असावी:

[युनिट]
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस

[सर्व्हिस]
यूजर=चलन
वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/चलन
एन्व्हायर्न्मेंटफाइल=/ईटीसी/चलन.ईएनव्ही
रनटाइमडिरेक्टरी=चलन
एक्झेकस्टार्टप्री=/बिन/एसएच -सी 'अनटिल पीजी_इझरेडी -क्यू -एच १२७.०.०.१; डू स्लीप २; डन'
एक्झेकस्टार्ट=/ऑप्ट/चलन/व्हेन्व्ह/बिन/गनिकॉर्न --बाइंड युनिक्स:/रन/चलन/चलन.सॉक आणि पुढे तुमच्या ॲप्लिकेशनचं नाव
रिस्टार्ट=ऑलवेज
रिस्टार्टसेक=५
टाइमआउटस्टार्टसेक=३००

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट

यातल्या तीन ओळी जीव वाचवतात. ‘रिस्टार्टसेक=५’ मुळे १० सेकंदांत पाच प्रयत्न होऊच शकत नाहीत, म्हणजे सिस्टिमडी कधी हात टेकत नाही. ‘पीजी_इझरेडी’ची ओळ डेटाबेस खरोखर जोडण्या घेऊ लागेपर्यंत थांबवून ठेवते. आणि सिस्टिमडीची मूळ मुदत ९० सेकंदांची आहे, तिच्यात ही वाट बघण्याचा वेळही मोजला जातो, म्हणून ‘टाइमआउटस्टार्टसेक’ वाढवायचा.

नुसतं ‘आफ्टर’ लिहून भागत नाही, याची दोन कारणं. एक, ‘आफ्टर’ फक्त क्रम सांगतो. दुसऱ्या सर्व्हिसला तो बोलावत नाही, ते काम ‘वॉन्ट्स’ किंवा ‘रिक्वायर्स’चं. दुसरं, उबंटू आणि डेबियनवर ‘पोस्टग्रेसक्यूएल’ नावाची सर्व्हिस ही नुसती पाटी आहे. तिचं स्टेटस विचारलं की हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह, एक्झिटेड’ दिसतं, डेटाबेस बंद असला तरीही. खरी सर्व्हिस आवृत्तीच्या नावाने असते, उबंटू २२.०४ वर ‘पोस्टग्रेसक्यूएल@१४-मेन’, २४.०४ वर १४च्या जागी १६. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ दिलं की एका ओळीत कोण ऑनलाइन, कोण डाउन ते कळतं. त्या हिरव्या पाटीवर विसंबून भलतीकडे शोधत बसू नका.

बदल केल्यावर ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’ विसरू नका. सर्व्हिस आधीच मर्यादेत अडकली असेल तर ‘रीसेट-फेल्ड’ देऊन मग स्टार्ट करा.

डॉकर कंपोझवाल्यांसाठी एवढंच: ‘डिपेंड्स_ऑन’चा क्रम ‘कंपोझ अप’ देताना पाळला जातो. मशीन रीबूट झाल्यावर कंटेनर डॉकरचा डीमन उठवतो आणि त्याला तो क्रम ठाऊक नसतो. वाट बघण्याची सोय कंटेनरच्या आतल्या स्टार्ट स्क्रिप्टमध्येच हवी, आणि रिस्टार्ट पॉलिसी लिहिलेली हवी.

२ आणि १३: सॉकेटपर्यंतची वाट

/रन हे फोल्डर डिस्कवर नसतं, मेमरीत असतं. त्यात हाताने केलेलं ‘चलन’ नावाचं फोल्डर पुढच्या बूटला नाहीसं होतं. गनिकॉर्नला सॉकेट ठेवायला जागा सापडत नाही, एन्जिनएक्सला सॉकेट सापडत नाही, लॉगमध्ये आकडा २. इन्स्टॉल करताना हाताने मेकडीर केलं, चाललं, म्हणून कोणी पुढे बघितलं नाही. वर दिलेली ‘रनटाइमडिरेक्टरी’ची ओळ हे फोल्डर दर वेळी योग्य यूजरच्या नावाने तयार करते. सॉकेट /टीएमपीमध्ये हलवून वेळ मारून नेऊ नका. उबंटूवर एखाद्या सर्व्हिसला स्वतःचा खासगी /टीएमपी दिलेला असला की दोघांना दोन वेगळी फोल्डर दिसतात.

१३ बहुधा होम फोल्डरमुळे येतो. उबंटूने २१.०४ पासून नव्या यूजरच्या होमची परवानगी ७५० केली. ॲप्लिकेशन होममध्ये ठेवलं असेल तर एन्जिनएक्सचा डब्लूडब्लूडब्लू-डेटा हा यूजर दारातच अडतो. ‘नेमआय -एल’ आणि पुढे सॉकेटचा पूर्ण पाथ द्या. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक छापून येते आणि नेमकी कुठे वाट बंद आहे ते दिसतं. ७७७ देऊ नका. ॲप्लिकेशन /ऑप्टमध्ये हलवा, त्याचं घर तेच.

रेड हॅट, रॉकी किंवा अल्मा वापरत असाल तर सगळ्या परवानग्या बरोबर असूनही १३ येऊ शकतो, कारण मध्ये एसईलिनक्स ही सुरक्षेची वेगळी यंत्रणा उभी असते. टीसीपी पोर्टवर बोलायचं असेल तर ‘सेटएसईबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १’. यातला ‘-पी’ मोठ्या लिपीतला आणि महत्त्वाचा. तो गाळला तर सेटिंग पुढच्या रीबूटपर्यंतच टिकते. ‘मागच्या वेळी दुरुस्त केलं होतं, पुन्हा कसं आलं?’ याचं उत्तर अनेकदा या एका अक्षरात असतं.

हाताने केलेलं, रीबूटने पुसलेलं

तो ‘-पी’ एकटा नाही. रीबूटनंतर परतणाऱ्या बहुतेक तक्रारी एकाच जातीच्या असतात: चालू मशीनवर बदल केला, फाइलमध्ये लिहिला नाही. ‘फायरवॉल-सीएमडी’ला ‘--पर्मनंट’ दिलं नाही. ‘सिस्सीटीएल -डब्लू’ने आकडा बदलला, /ईटीसी/सिस्सीटीएल.डीमध्ये टाकला नाही. ‘आयपी ॲड्र ॲड’ने पत्ता दिला, नेटप्लॅनमध्ये (उबंटूची नेटवर्कची सेटिंग) नाही. एनएएस (नेटवर्कवरची साठवण) हाताने माउंट केला, एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्याची यादी) नाही.

यातला एनएएसचा प्रकार घातक आहे, कारण त्यात ५०२ येतच नाही. माउंट झाला नाही तर त्या नावाचं रिकामं फोल्डर मूळ डिस्कवर तसंच असतं आणि ॲप्लिकेशन निमूटपणे त्यात फाइली टाकत राहतं. आठवड्याने कोणीतरी एनएएस माउंट करतं आणि त्या आठवड्यातले सगळे स्कॅन, चलनाच्या पीडीएफ प्रती ‘गायब’ होतात. त्या माउंटच्या खाली दडलेल्या असतात, अनमाउंट केलं की दिसतात. हे होऊच नये म्हणून माउंट आधी एफएसटॅबमध्ये लिहा आणि युनिट विभागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=’ आणि पुढे त्या फोल्डरचा पाथ लिहा. माउंट नसेल तर सर्व्हिस उठणारच नाही. ती न उठणं परवडतं, आठवडाभराच्या फाइली चुकीच्या जागी जाणं परवडत नाही.

एन्व्हायर्न्मेंट

डेटाबेसचा पासवर्ड, सीक्रेट की वगैरे .बॅशआरसीमध्ये ठेवलं असेल तर ते फक्त तुमच्या टर्मिनलला दिसतं. सिस्टिमडी ती फाइल वाचत नाही. म्हणून हाताने गनिकॉर्न चालवला तर चालतो, सर्व्हिस म्हणून पडतो. सगळं एन्व्हायर्न्मेंटफाइलमध्ये आणा, मालक रूट, परवानगी ६००. यूजर बदलण्याआधी सिस्टिमडी ती रूट म्हणून वाचतो, त्यामुळे एवढी कडक परवानगी चालते. या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला ‘एक्सपोर्ट’ लिहायचं नाही. लिहिलं तर ती ओळ टाकून दिली जाते, जर्नलमध्ये ‘इग्नोरिंग इनव्हॅलिड एन्व्हायर्न्मेंट असाइनमेंट’ अशी नोंद होते आणि ती कोणी वाचत नाही.

सर्व्हिसच्या स्टेटसमध्ये २०३ दिसला तर गनिकॉर्नचा पाथ चुकला आहे किंवा फाइल चालवण्याची परवानगी नाही. २०० म्हणजे वर्किंगडिरेक्टरी नाही, २१७ म्हणजे तो यूजरच मशीनवर नाही. पाथ नेहमी पूर्ण लिहा, व्हेन्व्हमधला.

लाइट, स्विच आणि घड्याळ

मे-जूनच्या वळवाच्या पावसात आणि पुढे पावसाळाभर महावितरणची लाइट येते-जाते, हे गृहीत धरूनच सर्व्हर बसवावा लागतो.

लाइट आल्यावर सर्व्हर स्वतः चालू होतो का, इथून सुरुवात करा. बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तशा अर्थाचा पर्याय असतो. तो ‘पॉवर ऑन’वर ठेवा. ‘लास्ट स्टेट’मध्ये एक फट आहे: यूपीएसने बॅटरी संपताना सर्व्हर नीट बंद केला असेल तर शेवटची अवस्था ‘बंद’ अशीच धरली जाते आणि लाइट आल्यावर तो बंदच राहतो. दुसरी फट ‘पॉवर ऑन’लाही आहे. सर्व्हर बंद झाला, पण यूपीएसचा आउटपुट तुटण्याआधीच लाइट परत आली, तर सर्व्हरला लाइट गेल्याचं कळतच नाही. म्हणून सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसनेही आउटपुट तोडून पुन्हा द्यावा, ही सेटिंग यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. एनयूटी किंवा एपीसीयूपीएसडी दोन्हींत ती करता येते. यूएसबीची केबल यूपीएसपासून सर्व्हरपर्यंत ओढलेली आहे का, हेही बघा. ती बऱ्याच ठिकाणी खोक्यातच असते.

लाइट सगळ्यांना एकदमच येते. सर्व्हर मिनिटभरात उठतो, मॅनेज्ड स्विचला कित्येकदा त्याहून जास्त वेळ लागतो, राउटरला आणखी. सर्व्हरचा आयपी डीएचसीपीवर असेल तर पत्ता द्यायला त्या वेळी कोणी नसतं, किंवा राउटर रीसेट झाला असेल तर वेगळाच पत्ता मिळतो आणि गेटवरच्या पीसीतला बुकमार्क भलत्याच यंत्राकडे जातो. सर्व्हरला नेटप्लॅनमध्ये पक्का आयपी द्या. स्विच आणि राउटरही त्याच यूपीएसवर घ्या, त्यांचा भार नगण्य असतो.

एन्जिनएक्सच्या फाइलमध्ये अपस्ट्रीमला (मागच्या सर्व्हरला) पत्त्याऐवजी नाव दिलं असेल आणि बूटच्या वेळी डीएनएस उठलेला नसेल, तर एन्जिनएक्स ‘होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम’ म्हणून चालूच होत नाही. मग ५०२सुद्धा दिसत नाही, पानच उघडत नाही. आतल्या सर्व्हरसाठी आयपी लिहा किंवा नाव /ईटीसी/होस्ट्समध्ये टाका. आणि ‘लोकलहोस्ट’ऐवजी १२७.०.०.१ लिहा. लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही६चा पत्ताही होतो, आणि गनिकॉर्न तिथे ऐकत नसेल तर लॉगमध्ये मधूनमधून १११ डोकावत राहतो.

घड्याळ. मदरबोर्डवर सीआर२०३२ ही ३ व्होल्टची चपटी बॅटरी असते. ती मेली की लाइट गेल्यावर मशीनची तारीख मागे जाते. इंटरनेट येऊन वेळ जुळेपर्यंत ई-वे बिलाच्या पोर्टलसारख्या बाहेरच्या सेवांशी जोडणी होत नाही, कारण समोरचं प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ असं आपल्या मशीनला वाटतं. चलन उघडतं, पण ई-वे बिल निघत नाही, अशी अर्धवट तक्रार आली की आधी ‘टाइमडेटसीटीएल’ बघा. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर बॅटरी नको, सेटिंग बघा: हार्डवेअरचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे आणि लिनक्स ते यूटीसी समजतो आहे, किंवा उलट.

पोस्टग्रेसला हात लावण्याआधी

लाइट अचानक गेल्यावर पोस्टग्रेस उठायला वेळ घेतो, तेव्हा तो मोडलेला नसतो. डब्ल्यूएएलमधल्या (बदलांची आगाऊ नोंदवही) नोंदी परत लावत असतो. त्याची लॉग बघा, ‘रीडू स्टार्ट्स ॲट’ अशी ओळ असेल तर त्याला वेळ द्या. मध्येच किल -९ देऊ नका, रिकव्हरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

‘पोस्टमास्टर.पीआयडी’ ही फाइल उडवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. शिळी फाइल पोस्टग्रेस बहुतेक वेळा स्वतःच ओळखतो. उडवायचीच झाली तर आधी ‘पीएस’ देऊन एकही पोस्टग्रेस प्रोसेस चालू नाही याची खात्री करा. एक जरी चालू असेल आणि दुसरा त्याच डेटावर उठला तर डेटा खराब होतो. आणि ‘पीजी_रीसेटडब्ल्यूएएल’ म्हणजे शेवटचा उपाय. तो चालवल्यावर डेटाबेस उठतो, पण आतले व्यवहार अर्धवट राहिलेले असू शकतात. डेटा फोल्डरची पूर्ण प्रत काढल्याशिवाय त्या आज्ञेकडे बघूही नका.

डिस्क भरली असेल तरी पोस्टग्रेस उठत नाही. ‘डीएफ -एच’ आणि ‘डीएफ -आय’ दोन्ही बघा. जागा शिल्लक असून आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा) संपलेले असू शकतात, लाखो छोट्या सेशन फाइली साचल्या की तसं होतं.

लाइट न जाता येणारा ५०२

हा वेगळा आजार आहे, इथे थोडक्यात. लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’ आणि गनिकॉर्नकडे ‘वर्कर टाइमआउट’ असेल तर एखादा रिपोर्ट गनिकॉर्नच्या मूळ ३० सेकंदांच्या मुदतीपेक्षा जास्त वेळ घेतो आहे. महिनाअखेरीचा स्टॉक रिपोर्ट हा नेहमीचा संशयित. मुदत वाढवण्याआधी क्वेरीला इंडेक्स आहे का ते बघा. एन्जिनएक्सची स्वतःची मुदत ६० सेकंद आहे, त्यामुळे गनिकॉर्नची १२० केली आणि एन्जिनएक्सची तशीच ठेवली तर ५०२ जाऊन ५०४ येईल. वर्कर विनाकारण मरत असेल तर ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. वर्करची संख्या ‘कोरच्या दुप्पट अधिक एक’ या सूत्राने काढतात, पण ४ जीबीच्या मशीनवर आठ कोर दिसले म्हणून १७ वर्कर लावले तर मेमरी पुरणार नाही.

चाचणी

दुरुस्ती झाली हे सर्व्हिस रिस्टार्ट करून ठरवता येत नाही. सुटीच्या दिवशी, किंवा दोन शिफ्टच्या मधल्या शांत वेळी, बॅकअप घेऊन पूर्ण रीबूट द्या. रीबूटनंतर सर्व्हरवर कोणीही लॉगइन करायचं नाही, एसएसएचनेही नाही. गेटवरच्या पीसीवर बसा, तिथून एक चाचणीचं चलन काढा, एक फाइल अपलोड करा, ई-वे बिलाची जोडणी तपासा. त्यानंतरच सर्व्हरवर जाऊन ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ची यादी रिकामी आहे का आणि ‘सिस्टिमडी-अनलाइझ क्रिटिकल-चेन चलन.सर्व्हिस’मध्ये वेळ कुठे गेला, ते बघा.

मग दुसरी चाचणी: पोस्टग्रेस बंद करा आणि ‘चलन’ रिस्टार्ट करा. तुम्ही युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्स’ लिहिलं असेल किंवा ‘वॉन्ट्स’, दोन्ही डेटाबेसला परत उठवतात, म्हणून या चाचणीपुरता ‘पीजी_सीटीएलक्लस्टर’ने फक्त तो क्लस्टर थांबवा. सर्व्हिस ‘ॲक्टिव्हेटिंग’मध्ये थांबलेली दिसली पाहिजे. दोन मिनिटांनी क्लस्टर चालू करा. काही सेकंदांत चलन आपोआप ‘ॲक्टिव्ह’ झालं पाहिजे. ते ‘फेल्ड’ झालं तर ‘पीजी_इझरेडी’ आणि रिस्टार्टसेकच्या ओळी चुकीच्या विभागात आहेत किंवा डीमन-रीलोड राहिलं आहे.

तिसरी चाचणी यूपीएसची. भिंतीवरचा स्विच बंद करा आणि घड्याळ लावून बसा: सर्व्हरला बंद व्हायची सूचना कितव्या मिनिटाला मिळाली, तो पूर्ण बंद कितव्या मिनिटाला झाला, आणि तेव्हा बॅटरी किती उरली होती. हे तीन आकडे यूपीएसवर चिकटपट्टी लावून तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी, पावसाळा तोंडावर असताना, हीच चाचणी पुन्हा करा. बॅटरी उरण्याचा आकडा निम्म्यावर आला असेल तर ती जूनच्या आधी बदला.